उंबरा, घागर आणि मी

आमची नात पुनम लातूरच्या क्लासला असते. सुट्टीत नांदेडला आली ती पिवळ्या चिठ्ठ्यांची गड्डी घेऊनच. परीक्षेसाठी इंग्रजी शब्द वाढवायचे होते. तिनं घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या डकवल्या: वर शब्द, खाली त्याचे समानार्थी शब्द. तिच्यापेक्षा जास्त पाठांतर माझी बायको शिवगंगाच करू लागली.

"पिचर, जग, यूअर," ती घागरीपुढे उभी राहून म्हणायची. एकदा मधेच अडली. "पुनम, आपल्यात काय म्हणतेत गं याला?"

"आज्जी, घागर!"

"हाव की."

दुसऱ्या दिवशी ती पाणी शोधत स्वयंपाकघरभर फिरली. घागर समोरच होती. तिचा हात घागरीला घासून पुढे गेला.

मग उंबरा. 'थ्रेशोल्ड, डोअरसिल' तोंडात बसलं, आणि रोज हळदकुंकू वाहायची त्याच उंबऱ्याला ती ठेचकाळली. वळून पाहिलं तर तिला तिथं काही दिसेना. आपला शब्द गेला की वस्तूही जाते की काय, असं मनात आलं, पण मी मोतीबिंदू म्हणून सोडून दिलं. फार वाचून मला भलतंच सुचतं, असं सगळेच म्हणतात.

एके दुपारी पुनमनं हसत माझ्या बाहीवर चिठ्ठी चिकटवली. "आज्जी, हे कोण?"

शिवगंगेनं उभ्या जन्मात माझं नाव घेतलं नाही. लग्नात एकदा उखाण्यात, तेवढंच. नवऱ्याचं नाव घेऊ नये, ही तिच्या माहेरची रीत. दवाखान्यात कुणी विचारलं की मला कोपरानं ढोसायची, मग मीच पुटपुटायचो, वीरभद्र. बाकी मी 'आवं'.

"हजबंड, स्पाउस, पार्टनर," तिनं वाचलं आणि खुलली. "लई बेस झालं बघ. नाव बी घ्यायचं न्हाई आन् अडायचं बी न्हाई!" दिवसभर तेच चाललं. दूधवाल्याला, शेजारच्या हुसेनबीला, हजबंड.

सकाळी चहाचे दोनच कप आले, तिचा आणि पुनमचा. माझ्याकडे लोकांचं लक्ष जात नाहीच. त्यामुळे हे नवं आहे की जुनंच, हे मला ठरवता येईना. शेवटी तिच्यासमोर जाऊन "चहा" म्हणालो. तिनं खिडकी लावून घेतली.

"आज्जी, चेष्टा करून राहिलीस का?" पुनम घाबरली. तिनं माझ्या बाहीवरची चिठ्ठी फाडली. काही फरक पडला नाही.

मला एकच सुचलं. नावाला समानार्थी शब्द नसतो. मी पुनमच्या कानात सांगितलं.

"आज्जी, लग्नातला उखाणा म्हण ना."

शिवगंगा लाजली, अगदी तेव्हासारखी. पदर सावरला.

"गोदावरीच्या घाटावर दिव्यांची हार..."

ओठ 'वी'साठी ताणले गेले. तिचे डोळे खोलीभर फिरले, खुर्चीवरून, घागरीवरून, माझ्यावरून.

"...हजबंडचं नाव घेते, उघडं ठेवा दार."

पुनम हसायला लागली आणि थांबली.

शिवगंगा उठली. दार सताड उघडून समोर बसली, रस्त्याकडे बघत.

"अजून कसे आले न्हाईत गं?"

मी तिच्या मागेच उभा होतो. "आलो," म्हणालो. माझा आवाज तसा पहिल्यापासूनच बारीक.