शंभरातलं चाळीस

मी टेलिफोन केंद्रातला एक जुना सिग्नलचा डबा आहे, आणि माझ्यामुळे या शहरात आजवर एकही फोन अडलेला नाही. म्हणजे, एक मंगळवार आणि एक गुरुवार सोडला तर.

मित्रांनो, तुम्ही आजीला फोन लावता ना, तेव्हा तुमचं बोलणं माझ्यातून जात नाही. त्याआधीची धावपळ माझी. आजीचा फोन कुठे आहे, मोकळा आहे का, वाजव घंटी, उचलला, थांबव घंटी, असे निरोप मी पोचवतो. माझा जुळा भाऊ शेजारीच हेच काम करायचा. आकडेमोडवाल्या ताईंनी वर्षभर निरोप मोजले आणि नियम घातला : प्रत्येकाने शंभरातलं चाळीसच काम करायचं. एक पडला तर दुसऱ्याला ऐंशी झेपलं पाहिजे, वरचे वीस अडीनडीला. आमचे प्लगसुद्धा दोन वेगळ्या भिंतींवर.

तरी मला सगळ्यांचाच संशय. एसी मुद्दाम माझ्याच डोक्यावर ठिबकतो. आणि सफाईवाल्या मावशी! फरशी पुसायचं मशीन हातात, नजर माझ्या प्लगवर.

मग नवे साहेब आले. ते माझ्याहून संशयी. तक्ता बघून म्हणाले, "चाळीस? मग बाकीचा वेळ हे काय झोपा काढतात?"

"साहेब, एक आजारी पडला की दुसऱ्याने दोघांचं ओढायचंय. म्हणून उसंत ठेवलीय."

"ताई, तुम्ही आकडे फुगवता, असा मला दाट संशय आहे."

"अहो, फुगवलेत कुठे? तुम्हीच तर कमी आहेत म्हणताय!"

साहेबांनी भावाला जिन्याखाली टाकलं. त्याच्या जागी माशांची टाकी आणली, त्याच्याच प्लगवर.

मी एकटा ऐंशीवर धावू लागलो. मंगळवारी भरदुपारी रेडिओवाल्याने सांगितलं, ज्याचा फोन पहिला लागेल त्याला सायकल. अख्खं शहर तुटून पडलं. लागला नाही की पुन्हा लाव, पुन्हा लाव. आणि 'लाईन बिझी आहे' हा निरोपही पोचवणार कोण? मीच! माझ्या तोंडाला फेस आला. शहराचे फोन मुके झाले.

साहेबांनी ताईंना फोन केला. लागला नाही. शेवटी चार जिने धावत उतरले.

"ताई, चुकलं माझं. त्या जुळ्याला आणू या परत."

"आणा. पण प्लग वेगळा हं, साहेब."

"तुम्ही तक्रारी बघा. मी स्वतः लावतो."

मित्रांनो, कोणी निवांत दिसला म्हणून त्याला आळशी समजू नका. ज्याच्या अंगात थोडी ताकद शिल्लक असते, तोच ऐनवेळी धावतो. आमची धूळ पुसा, आम्हाला उसंत द्या, आणि प्लगला हात लावण्याआधी कोणालातरी विचारा.

भाऊ परत आला. त्याच्या प्लगवर मासे होते, म्हणून साहेबांनी माझ्या प्लगात एक एक्स्टेन्शन बोर्ड खुपसून आम्हा दोघांना त्यावर घेतलं. गुरुवारी मावशींनी फरशी पुसायचं मशीन लावायला तो प्लग काढला.

मासे ठीक आहेत.