न फुललेल्या कारवीची भिंत

मी एक जुनी कुडाची भिंत आहे. तलासरीच्या बाजूला डोंगरापायथ्याशी एक पाडा आहे, तिथल्या नवशीच्या घराची. मित्रांनो, तुमच्या घरांच्या भिंती सिमेंटच्या असतील. माझ्या पोटात कारवीच्या काठ्या आहेत. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि सारा डोंगर जांभळा होतो म्हणे. म्हणे, कारण मी तो पाहिला नाही. माझी पाळी यायच्या आधीच नवशीचा नवरा कोयता घेऊन आला. गडी लग्नाच्या घाईत होता.

त्यानं मला बांधलं, नवशीनं शेणामातीनं लिंपलं. लग्नात सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं माझ्यावर चौक लिहिला, लग्नाचं चौकोनी चित्र. आमच्याकडे चौक काढत नाहीत, लिहितात. मग चुलीचा धूर, पाळण्याची दोरी, कोंबड्यांच्या चोची, सगळं मी अंगावर घेतलं. दुपारी माझ्या फटींतून ऊन आत झिरपे आणि मला डुलकी लागे. स्वप्नात मी डोंगरावर उभी असे, अंगभर कळ्या घेऊन.

नवशीची मुलगी वर्षा याच उन्हाच्या कवडशांत रांगली. कोळशाची पहिली रेघ तिनं माझ्यावरच ओढली. मोठी झाल्यावर ती चारोटी नाक्यावरच्या खानावळीत कामाला लागली. तिथं कागदावर चित्रं करून गिऱ्हाइकांना विकायची. लोक वाहवा करत, चित्र गुंडाळत आणि गाडीत बसून निघून जात. २०१७ साली एकदा घरी येऊन ती म्हणाली, "मला माझं एकटीचं प्रदर्शन भरवायचंय."

"हॉल कुठला?" तिचा भाऊ दिपक म्हणाला. तो टेम्पो चालवतो.

"हीच भिंत."

"ही? घरकुल मंजूर झालंय. उन्हाळ्यात पाडायची ती."

"म्हणूनच. पाडायच्या आधी."

"नि लोकं आलीच नाहीत तर?"

"तर तू बघ. तुला तसंही कुठं काम असतं!"

मित्रांनो, पाडणार हे ऐकून मी आतल्या आत थोडी झडले. पण भातकापणी उरकली आणि वर्षा लिहायला बसली, तेव्हा सगळं विसरले. बांबूची काडी अंगावर फिरे, तशा मुंग्या चालल्यासारख्या गुदगुल्या होत. नरपडच्या वाडीत चिकू काढणाऱ्या बायका, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा, चारोटीचे ट्रक, सगळे माझ्यावर येऊन नांदू लागले. वर्षा लांब जाऊन बघे. पाहुणे कुठून शिरतील, ऊन कुठं पडेल, आधी काय दिसेल? शाळेतून बाकडी मागून आणली. झोपेतही ती बाकडी सरकवत असावी.

प्रदर्शनाच्या सकाळी ती दिपकच्या टेम्पोतून पाहुण्यांना आणायला चारोटीला गेली. घरात नवशी एकटी. तिनं मला न्याहाळलं, पदर खोचला आणि शेणात गेरू कालवला. मी ओरडले असते. पण भिंतीला कान असतात, तोंड कुणी दिलेलं नाही. तिचा ओला हात वर चढत गेला. जत्रा गेली, ट्रक गेले, चिकूवाल्या बायका गेल्या. आणि हात इतका मायेचा, की मला तिचा रागही येईना.

टेम्पो आला. वर्षा दारातच थिजली.

"आये, काय केलंस गो हे?"

"पाहुणे येणार म्हणून सारवलं," नवशी म्हणाली. "चौक पाहुण्यांसमोर लिहितात ना? आधीच लिहून ठेवलेलं दाखवायचं? शिळा भात वाढतं का कोणी पाहुण्याला?"

वर्षा मटकन खाली बसली. "कोरं प्रदर्शन! मुंबईतपण नसेल असं," दिपक म्हणाला. नवशीचा चेहरा हळूहळू उतरला. "मला वाटलं, ती तालीम होती," ती पुटपुटली.

खानावळीच्या मालकीणबाई सोनलबेन बाकड्यावर बसल्या. "सुकेल, बेटा. आम्ही बसतो. कोणीतरी चा मूक, चहा ठेव."

उन्हानं मला सुकवलं. नवशीनं वाटून ठेवलेल्या तांदळाची वाटी लेकीपुढे सरकवली आणि माझ्यावरून हात फिरवला. "तुझ्या बापानं या कारव्या फुलायच्या आधी तोडल्या. माझ्या लग्नासाठी. इतकं लिहिलं आपण हिच्यावर, पण हिचं काही लिहिलं नाही."

वर्षा उठली. तिनं मला चाचपलं. मातीखाली माझ्या काठ्यांचे उंचवटे तिच्या बोटांना लागले. तिनं काडी घेतली आणि एकेका उंचवट्यावरून एकेक देठ वर नेला. शेंड्याशी फुलांचा घोस. भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडून नवशी लिहू लागली. पाहुण्यांच्या हातातला चहा निवला. ऊन उतरेपर्यंत मी फुलत होते. जांभळी नाही, पांढरी. पण फुलत होते.

शेवटी दिपक डोकं खाजवत म्हणाला, "घरकुलाला तीन भिंती विटांच्या केल्या तर चालतील का?"

"चौथी आहेच की," नवशी म्हणाली.

म्हणून मी अजून उभी आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याला काचेआड ठेवून नमस्कार करू नका. त्याला हात लावा, सारवा, त्याच्यावर नवं लिहा. दरवर्षी भात घरात आलं की नवशी शेण कालवायला बसते. आताशा मला भीती वाटत नाही. डोळे मिटते, आणि अंगावर कळ्या धरल्याचं जाणवतं.