कपाटाला आलेला ताप

सकाळी अकरा वाजता रुग्णालयाच्या तळघरातला नवा ट्रान्सफॉर्मर बंद पडला. जनरेटरने लगेच भार उचलला, शस्त्रक्रियागृहातले दिवे बॅटरीवर चालू राहिले आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. फक्त एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली, आणि तिच्यात रुग्णालयाचे व्यवस्थापक होते. एरवी प्रकरण चहाबरोबर संपलं असतं. व्यवस्थापक आत होते म्हणून त्याची चौकशी लागली.

बातमी पोचली तेव्हा वीजप्रमुख मागच्या अंगणात जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला तळहात लावून उभे होते. जुन्या इमारतीची वीज अजून याच तेल भरलेल्या धुडातून जात असे. रोज सकाळी ते त्याचा ताप बघत, बुडाशी तेल पाझरलंय का ते वाकून बघत, आणि आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतले खडे निळेच आहेत की ओलाव्याने गुलाबी पडलेत याची खात्री करत. बायको आजारी पडली की ते दारातूनच विचारत, "बरं आहे ना?"

"कपाट बंद पडलं?" ते म्हणाले आणि चक्क हसले.

नव्या ट्रान्सफॉर्मरला कपाट हे नाव त्यांनीच ठेवलेलं. नवी इमारत झाली तेव्हा तिच्या पोटात कुठला ट्रान्सफॉर्मर बसवायचा यावर बैठक झाली होती, आणि सल्लागार म्हणून आला होता त्यांचाच जावई. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. हा तर ग्रह असून वर नकाशे घेऊन आलेला.

"बाबा, रुग्णांच्या खाटांखाली टाकीभर तेल ठेवायचं? एक ठिणगी पडली तर?" जावई म्हणाला होता.

"तेल आहे म्हणून गार राहतो तो. तेल आहे म्हणून आतली तारांची वेटोळी एकमेकांच्या जिवावर उठत नाहीत. तुमच्याला गार कोण करणार?"

"हवा."

"हवा. म्हणजे कुणीच नाही."

जावई सरळ माणूस, त्यामुळे सल्लागार म्हणून जरा कच्चा. कोरडा ट्रान्सफॉर्मर महाग पडतो, घुंईऽऽ असा आवाज जास्त करतो आणि उघड्यावर तेलवाल्याची बरोबरी करत नाही, हे त्याने स्वतःहून सांगून टाकलं. पण तळघरात तोच हवा. त्याच्यात तेल नाही, म्हणून गळती नाही, तेलाच्या तपासण्या नाहीत. धूळ पुसायची आणि भोवती वारा खेळता ठेवायचा, बस्स. सासऱ्यांनी यातलं 'तपासण्या नाहीत' एवढं ऐकलं आणि बाकीचं जावयाच्या अंगावर परत टाकलं. ज्याला तेल नाही, डबी नाही, आणि ज्याच्या जाळीदार पेटीवर 'हात लावू नये' अशी पाटी, त्याचा ताप बघायचा तरी कसा? ते तळघराच्या दारावरून जात, घुंईऽऽ ऐकत, आणि मान हलवून अंगणात आपल्या लाडक्याकडे वळत. त्यांच्या मते पाहणी पूर्ण झालेली असे.

हसू ओठांवर घेऊनच ते तळघराच्या जिन्यापर्यंत आले. मग त्यांना किल्ली आठवली.

किल्ली त्यांच्याकडे नव्हती, बायकोकडे होती. बायको याच रुग्णालयात धुलाई विभागाची प्रमुख. तिचं कपडे वाळवायचं यंत्र बिघडलं होतं, दुरुस्तीवाला 'उद्या येतो' या आपल्या शब्दाला रोज जागत होता, आणि ओल्या चादरींचे ढीग वाढत होते. "तुमच्या त्या खोलीत छान उबारा असतो, आणि स्वच्छही आहे," असं तिने आदल्या रात्री जेवताना म्हटलं, तर यांनी किल्ली ताटाशेजारी ठेवली होती. वर म्हणाले होते, "जाळीच्या आत बोट घालू नकोस, बाहेरून काय वाळवायचं ते वाळव. कपाटाला काय कळतंय?"

बायको दारात उभी होती. दार उघडं होतं. आत पेटीच्या चारही बाजूंना चादरी लटकत होत्या, जाळीला चिमट्यांनी नीट पकडलेल्या, एकही सुरकुती नाही. ट्रान्सफॉर्मरचं नाक-तोंड इतक्या टापटिपीने कुणी दाबलं नसेल. गुदमरून तापला, आतल्या तापमापकाने धोका ओळखला आणि ट्रान्सफॉर्मरने स्वतःलाच बंद करून घेतलं. म्हणजे जे करायला हवं होतं तेच केलं. त्या खोलीत शहाणपणाने वागलेलं तेवढं एकच होतं.

"काढ," ते म्हणाले.

"काढतेच आहे. ओरडताय कशाला?"

"ओरडलो का मी?"

"डोळ्यांनी ओरडलात. आणि वाळव म्हणालं कोण होतं?"

यावर वीजप्रमुखांनी तिसरी चादर काढायला घेतली.

"आता वर काय सांगणार?" तिने विचारलं.

"मी म्हणालोच होतो, हवेवर भरवसा ठेवू नका."

"म्हणजे जावयाच्या गळ्यात घालणार. पलीकडे होणाऱ्या इमारतीचं काम त्याच्या हातचं जाईल. पोरीने आत्ता कुठे स्वतःचं घर मांडलंय."

"मग काय सांगू? माझ्या बायकोने माझ्या परवानगीने विजेच्या खोलीत धोबीघाट मांडला?"

"खरं तेच आहे," ती म्हणाली, आणि चादरींचा गठ्ठा कडेवर घेऊन मागच्या जिन्याने गेली. किल्ली तिच्याच कमरेला होती.

जावई आला तेव्हा खोली लख्ख होती. त्याने पेटीभोवती एक फेरी मारली, पाटी लावली होती तिथे थांबला, वाकला, आणि जाळीच्या खालच्या कडेला राहिलेला निळा चिमटा काढून हातात घेतला. त्याने तो उलटसुलट पाहिला. सासऱ्यांनी छताकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

"आई बऱ्या आहेत ना?" जावयाने विचारलं.

"बरी आहे."

"छान," तो म्हणाला आणि चिमटा खिशात टाकला.

दुपारी व्यवस्थापकांच्या खोलीत तिघे बसले. लिफ्टमधला अनुभव व्यवस्थापकांनी आधी सांगितला, मग खुलवून सांगितला. नंतर ते म्हणाले, "मला तांत्रिक काही नको. पलीकडच्या इमारतीत तेलवाला घ्यायचा की कोरडा, आज ठरवायचं आहे. वीजप्रमुख, तुम्ही पहिल्यापासून कोरड्याच्या विरोधात होता. तुमचंच खरं ठरलं म्हणायचं का?"

आयुष्यात ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो असा तबकात घालून समोर आला. वीजप्रमुखांनी जावयाकडे पाहिलं. जावई खिशात हात घालून बसला होता. हात काही तो बाहेर काढत नव्हता.

"सल्लागार, तुम्हाला काही सांगायचंय?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"खोली बाबांच्या ताब्यात असते," जावई म्हणाला. "कारण तेच सांगतील. ते सांगतील ते मला मान्य आहे."

यापेक्षा त्याने चिमटा टेबलावर आपटला असता तर बरं झालं असतं. सासऱ्यांना पहिल्यांदाच वाटलं, मुलीने माणूस तेलवाला निवडला आहे. आत काय चाललंय ते बाहेर कळू देत नाही.

"मी... एकदा नीट बघून सांगतो," ते म्हणाले.

"सकाळपासून काय बघत होतात?"

व्यवस्थापकांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली आणि जिन्याने खाली गेले.

संध्याकाळी शेवटची माहिती हाती आली तेव्हा तळघरातला ट्रान्सफॉर्मर पुन्हा सुरू होऊन गार, शांत घुंईऽऽ करत होता. किल्ली अजून परत आलेली नव्हती. सकाळच्या ओल्या चादरी मागच्या अंगणात, तेलवाल्याच्या कुंपणावर वाळत होत्या. वीजप्रमुख टाकीला तळहात लावून चादरींच्या मधोमध उभे होते, आणि व्यवस्थापकांचा शिपाई उत्तर घ्यायला त्यांना शोधत दोनदा येऊन गेला होता.