अजून अर्धा आटा

रविवारी नेमबाजीची परीक्षा पास झाला, तर ताइस्तोला दलदलीच्या काठचं सात नंबरचं ठाणं मिळणार होतं. तिथे पूर्वी त्याचा बाप बसायचा, आणि मूस, घोड्याएवढं ते हरीण, बहुतेक तिथूनच बाहेर पडतो. नापास झाला, तर ठाणं मेव्हण्याला, एइनोला. आणि ताइस्तोने हाकाऱ्यांबरोबर चिखल तुडवायचा. आमच्या कुहमो गावच्या शिकारी टोळीत मांसाचे वाटे सारखेच पडतात, तेव्हा प्रश्न पायांचा आणि अब्रूचा होता.

सरावात त्याची एक गोळी डावीकडे जायची, पुढची वर. एइनो फार आपुलकीने विचारायचा, "दाजी, डोळे दाखवलेत का कुणाला?" आठवडाभरात ताइस्तोलाही आपल्या डोळ्यांचा संशय यायला लागला.

शनिवारी इर्या मैदानावर आली. तीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केलेली बाई. तिने ताइस्तोची रायफल घेतली, वरच्या दुर्बिणीला अंगठ्याने रेटून पाहिलं. दुर्बीण हलली.

"स्क्रूंना तेल कुणी पाजलं?"

ताइस्तो म्हणाला, मीच; लाकूडतोडीच्या यंत्रांचा मेकॅनिक आहे, कोरडा स्क्रू जन्मात बसवला नाही.

"तुझं यंत्र केसभर हललं तर झाड चुकत नाही. तेलाने स्क्रू सुटतो, ही दुर्बीण हलते, आणि मूस चुकतो."

तिने सगळे स्क्रू काढून स्पिरिटने धुतले, भोकंही पुसली. आधी खालची बैठक आवळली. मग दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू, समोरासमोरचे, पाव-पाव आटा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे. तिचा पाना ठरलेल्या जोराला टक् वाजायचा. टक् झालं की तिचा हात तिथेच थांबायचा. ते थांबणं बघत राहावं असं होतं. ताइस्तोचे पंजे मात्र मांडीवर वळवळत होते.

"अजून अर्धा आटा देऊ?"

"दुर्बिणीसाठी, की तुझ्या समाधानासाठी? नळी चेपली की संपलं."

शेवटी तिने प्रत्येक स्क्रूवरून कडीपर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. रेघ तुटली, तर स्क्रू फिरला. मग ताइस्तोने नेम नव्याने जुळवून घेतला.

रविवारी त्याच्या चारही गोळ्या वर्तुळात बसल्या. रेघा शाबूत होत्या.

खर्च म्हणाल तर ताइस्तोच्या एकवीस गोळ्या आणि आठवड्याची झोप गेली, इर्याचं थेंबभर नेलपॉलिश गेलं. बाकी सगळं एइनोने भरलं, गुडघाभर चिखलात.