निकेशचे पांढरे केस

गोकुळाबाईनं माझ्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर फोटो ठेवला तवा मी आधी चिडलोच. खाली शर्टाची कॉलर, दोन बटनं, अन् वर तोंडाच्या जागी नुसता पांढरा डाग.

"हे काय करून ठेवलं, बाई? महिना नाई झाला देऊन!"

"मी त्याचं तोंड पुसलं, नईमभाऊ," बाई म्हणे. "रोज सकाळी ओल्या पदरानं. लहानपणी पुसत होती तसं. पुसता पुसता तोंडच गेलं."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मले. हा फोटो मीच दिला होता, अन् देताना छातीवर हात ठेवून म्हणलं होतं, पक्का फोटो आहे, जिंदगीभर चालते. शाईच्या प्रिंटरचा फोटो! पाणी लागलं का खतम. मले मालूम नव्हतं काय? चांगलं मालूम होतं. पण धंद्यात तोंडाले सवय लागते, बोलून गेलो.

निकेश तिचा एकुलता एक. ऑक्टोबरात तलावात जाळं अडकलं, सोडवाले उतरला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. मोबाईल खिशातच होता, तोही गेला. उरला फक्त कोण्या लग्नातला एक फोटो, त्याच्या दोस्ताच्या, प्रवीणच्या व्हॉट्सॲपवर. बारा पोरं उभी, निकेश मागच्या रांगेत, तोंड नखाएवढं. तेच मोठं करून मी छापलं होतं.

"दुसरा छापून देतो," मी म्हणलं. "लॅमिनेशन करून. मंग कितीही पुसा."

"प्लास्टिक नको, भाऊ. हात लावला त प्लास्टिकच लागते." मंग ते खाली पाहत बोलली, "मले त्याचं तोंड आठवत नाई आता. डोळे मिटले का हा पांढरा डागच येते. उद्या पहाटे आम्ही मिरची तोडाले तेलंगणात चाललो. तीन महिने. वापस येईपर्यंत माझ्यापाशी काहीच राहणार नाई."

 शटरातून आत आलेल्या उन्हावर माझी नजर गेली. अन् मले निळी छपाई आठवली.

तीन वर्षाआधी नागपुरात दोन दिवस शिकून आलतो. प्रिंटरच्या शाईनं पारदर्शक फिल्मवर उलटा फोटो छापाचा, उजेडाच्या जागी काळं अन् काळ्याच्या जागी उजेड. हा झाला निगेटिव्ह. कपड्याले उन्हानं निळं होणारं औषध लावाचं, त्यावर निगेटिव्ह काचेखाली दाबून उन्हात ठेवाचं, मंग कपडा धुवाचा. रंग धाग्यात उतरते, पाण्यानं पुसल्या जात नाई. तवा मी घरातली एक चादर सोडली नव्हती. सुलताना, माझी बायको, म्हणे, "आता मलेच निळी करून वाळू घाला."

बाईजवळ निकेशचा पांढरा सुती दुपट्टा होता, गाठोड्याले बांधलेला. त्याचे फक्त दोन तुकडे होत होते. फिल्मा उरल्या होत्या तीन. नव्या मागवल्या त आठ दिवस, अन् बाईजवळ एक दिवस.

पहिली फिल्म मी उलट्या बाजूनं घातली. शाई बसलीच नाई, बोटाले आली. दुसरी चांगली निघाली, पण सिमेंट कारखान्यांच्या या गडचांदुरात धूळ नसलेली जागा दाखवा मले. सिमेंटचा कण ओल्या शाईवर बसला, नेमका निकेशच्या डोळ्यावर. फुंकर मारली, नाई हलला. नखानं काढाले गेलो त डोळाच निघाला. मी त्या कणाले, सिमेंटले अन् माझ्या नखाले ज्या शिव्या दिल्या त्या इथी सांगत नाई. बाई बाकावर बसून ऐकत होती.

तिसऱ्या वेळेस पंखा बंद केला, फरशीवर पाणी मारलं अन् श्वास रोखून प्रिंटरसमोर उभा राह्यलो. फिल्म निघाली, वाळली. मी खिडकीच्या उजेडात धरली. बाई उठून मागं आली.

"हे कोण होय?"

"निकेशच. उलटा आहे. निगेटिव्हमंधी तोंड काळं दिसते, केस पांढरे दिसते."

बाई बराच वेळ पाहत राह्यली. "म्हातारा झाला," ते म्हणे. "याच्या बापाचे केस असेच पांढरे होते."

 ऊन सरून चाललं होतं.

पहिला तुकडा उन्हातून काढला तवा तोंड साफ उमटलं होतं. मी खुशीत बोअरच्या पाण्यात सोडला. अन् माझ्या डोळ्यादेखत निकेश फिका व्हाले लागला. आधी गाल गेले, मंग नाक, मंग केस. घाईघाईनं बाहेर काढला, तरी पिवळट डागच हातात राह्यला. पुन्हा डाग! नागपुरात असं कधी झालं नव्हतं. ऊन कमी पडलं? शाई पातळ झाली? मले रडू आलं, खोटं काऊन बोलू. पन्नाशीचा माणूस घमेल्यापाशी बसून हुंदके देऊन राह्यलो.

सुलतानानं बाईले बळजबरीनं वरण-भात वाढला होता. दोन घास खाऊन बाई म्हणे, "वरणाची डाळ कच्ची राह्यली, वहिनी."

"आमच्या पाण्यात शिजतच नाई, बाई. चुन्याचं पाणी."

मी उठून उभा राह्यलो. चुना! सगळं गाव चुनखडीवर बसलं, केटली आतून पांढरी होते, डाळीत सोडा घालतो आम्ही, अन् मी अक्कलशून्य उन्हाले अन् शाईले दोष देत होतो. निळा रंग चुन्याच्या पाण्यात टिकत नाई. हे त पहिल्याच दिवशी सांगतलं होतं नागपूरच्या सरनं. म्हणून त त्या चादरी मी पावसाच्या पाण्यात धुतल्या होत्या.

"दुसरं पाणी पायजे," मी ओरडलो. "कुठलंही, पण इथलं नको!"

बाईच्या गाठोड्यापाशी पाच लिटरची कॅन होती. परक्या मुलखात पाणी लागते म्हणून पहिल्या दिवसापुरतं तिनं आपल्या गावचं पाणी सोबत घेतलं होतं. मी कॅनकडं पाह्यलं. बाईनं माझ्याकडं पाह्यलं.

"तलावाच्या पाळीवरच्या विहिरीचं आहे," ते म्हणे. "तलावच झिरपते तिच्यात."

"राहू द्या, बाई. मी लिंबू पिळून पाहतो."

"अन् तेही नाई जमलं त? एकच तुकडा आहे न?" तिनं स्वतः बूच काढलं. "या पाण्यानं नेला. आता देऊ दे म्हणा."

चार वाजत आले होते. दुसरा तुकडा कलत्या उन्हात दुप्पट वेळ ठेवला. मंग मी घमेलं धरलं अन् बाईनं पाणी ओतलं. पिवळं पाणी निघून गेलं, अन् निळा रंग गडद होत गेला. भुवया आल्या, ओठ आले, हसताना दिसणारा तुटका दातही आला. मी "या अल्ला" म्हणून ओरडलो, सुलताना धावत आली. बाईनं पदर कॅनच्या पाण्यात भिजवला अन् निकेशच्या तोंडावरून फिरवला. एकदा, दोनदा, जोरानं. तोंड जागचं हललं नाई.

"पाह्यलं?" मी म्हणलं. "आता जिंदगीभर पुसा!"

बाई हसली नाई. कपडा दोन्ही हातांवर घेऊन पाहत राह्यली.

"भाऊ, हा निळा काऊन आहे?"

"रंगच तो आहे, बाई. या छपाईत निळाच येते."

"तलावातून काढला तवा असाच होता," बाई म्हणे. "ओठ असेच. पाणी असंच गळत होतं."

 दिवसभर मी काय करून राह्यलो होतो? दोन तुकडे, तीन फिल्मा, ऊन, चुना, सगळं पाह्यलं. रंग नाई पाह्यला. मी तिच्या लेकराले तिच्याच हातानं परत पाण्यातून काढून दिलं. "माफ करा, बाई," एवढंच निघालं तोंडातून.

तिनं कपडा माझ्या तारेवर वाळू घातला. चिमटा नीट लावला. मंग खिडकीपाशी गेली अन् काचेवर टेकवून ठेवलेला निगेटिव्ह उचलला.

"हा देता मले? पांढऱ्या केसाचा?"

"घेऊन जा न, बाई. पण याचीही शाईच आहे. ओला पदर लागला का हाही जाईन. याले पुसाचं नाई."

"याले कायले पुसू?" बाईनं फिल्म लुगड्याच्या घडीत ठेवली, कपडा तारेवरच राहू दिला अन् गाठोड्याची गाठ मारली. "हा मोठा झाला, भाऊ. आपलं तोंड आपण धुते."