गादीतली भिंगरी

ताई बाळंतपणासाठी दवाखान्यात भरती झाली आणि तिच्या सहा वर्षांच्या भिंगरीला थेरपीला न्यायचं काम ताईच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे मावशीच्या गळ्यात पडलं. पोर दिवसभर स्वतःभोवती गरागरा फिरायची, म्हणून हे नाव. ती बोलायची नाही, हाकेला ओ द्यायची नाही आणि कुणाचं बोट नुसतं लागलं तरी चटका बसल्यासारखी किंचाळायची. हिला आपण सांभाळू शकू का, याचीच मावशीला धास्ती होती.

"घट्ट दाबा, मावशी. हलका हात तिला टोचतो," म्हणत थेरपीच्या बाईंनी तेल लावून खांद्यापासून मनगटापर्यंत दाबून दाखवलं. भिंगरी चक्क डोळे मिटून पडून राहिली. मग मोठ्या चेंडूवर पालथं झुलणं झालं, झोका झाला. मावशीच्या जिवात जीव आला. फॉर्मवर सही करायला ती बाहेरच्या टेबलापाशी गेली. बाई तेलकट हात धुवायला आत गेल्या. दोघींना वाटलं, दुसरी बघतेय.

मावशी परत येते तर खोली रिकामी. झोका मात्र हलत होता.

"कुठंय ती?" मावशीनं हात पुसत आलेल्या बाईंना विचारलं.

"तुमच्याबरोबर नाही आली?"

मागचं दार सताड उघडं होतं. पलीकडे जिना, जिन्याखाली रस्ता आणि रस्त्यावर मालाचे ट्रक. ती अनवाणीच धावली. "भिंगरीऽ! भिंगरीऽ!" ओरडली आणि मध्येच गप्प झाली. हाका मारून उपयोग काय? पोर पाच हातांवर असती, तरी ओ देणार नव्हती. कोपऱ्यावरच्या फळवाल्याला विचारलं, त्यानं नुसती मान हलवली. तेवढ्यात मागे एका ट्रकचा ब्रेक कर्कश वाजला. वळून बघायची तिची छाती होईना. कसंबसं बघितलं. एक सायकलवाला ड्रायव्हरला शिव्या देत होता. बाकी कुणी नव्हतं. ताईला काय तोंड दाखवू?

"मावशी, वर या!" खिडकीतून बाईंचा आवाज आला.

खोलीच्या कोपऱ्यात व्यायामाच्या जाड गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीतून दोन टाचा बाहेर डोकावत होत्या. हलत नव्हत्या. गुदमरली! दोघींनी धडपडत गादी उलगडली. आत भिंगरी, घामानं चिंब, लालबुंद, डोळे टक्क उघडे. अंगावरचा दाब सुटताच ती अशी किंचाळली, की ते ऐकून मावशीला हुंदकाच फुटला.

"आवळून घेतलेलं तिला बरं वाटतं," बाई खाली बसत म्हणाल्या. "पण चूक माझी. दाराला कडी घालायला हवी होती."

संध्याकाळी ताईचा फोन आला. मावशीनं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

"मागच्या वर्षी बाजारात माझ्याही हातून सुटली होती," ताई हळूच म्हणाली. "अर्धा तास. घरात कुणाला बोलले नाही गं. आता हे दुसरं येईल. दोघांवर नजर कशी ठेवू मी?"

"मी आहे ना," मावशी म्हणाली, आणि बोलता बोलताच उठून तिनं घराच्या दाराची कडी पुन्हा एकदा ओढून बघितली.