गाडी थांबवणारं गाव

सकाळी फलाटाचे उरलेसुरले दगड ट्रकमध्ये पडले आणि शिंप्याच्या दुकानासमोर कधी स्टेशन होतं हे सांगायला काही म्हणजे काही उरलं नाही. रूळ कधीच गेले होते. तिकीटखिडकीच्या लाकडाचं कुणीतरी कोंबड्यांचं खुराडं केलं होतं.

गावाने खापर फोडलं ते रेल्वेवर. खरं तर गाडी लाडावून ठेवली होती गावानेच. वेळापत्रक होतं, पण ते भिंतीला शोभा म्हणून. दूधवाल्याचा शेवटचा कॅन चढेपर्यंत गाडी थांबे, शाळेतल्या बाईंची चप्पल सापडेपर्यंतही थांबे. कुणी लांबून हात हलवला की गार्ड शिट्टी खिशात टाकायचा. रोज उशिरा पोचणारी गाडी पुढे जंक्शनवाल्यांना नकोशी झाली आणि एके वर्षी बंदच पडली.

शिंप्याला त्याचं फारसं वाटत नव्हतं. त्याचं मन खात होतं ते शेजारच्या मशीनवर बाह्या जोडत बसलेल्या भाचीमुळे.

शाळा संपवून ती नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्याच गाडीने निघाली होती. जंक्शनला पुढची गाडी चुकली, मुलाखत हुकली, आणि बाप काही तिला पुन्हा पाठवायला तयार होईना. मग मामाने तिला दुकानात बसवून घेतलं. गाव म्हणालं, मामा असावा तर असा. ते ऐकून मामाला मेल्याहून मेल्यासारखं होई. कारण त्या दिवशी गाडी त्यानेच अडवली होती. एका गिऱ्हाइकाचा कोट गार्डच्या हाती धाडायचा होता. भाची आज निघणार हे डोक्यातून साफ गेलं होतं. कोट दिला आणि मान वर न करता तो परत फिरला.

ट्रक दिसेनासा झाल्यावर त्याने मशीन थांबवलं. आज बोलून टाकायचंच.

"अगं, तू निघालीस त्या दिवशी गाडीला उशीर झाला ना..."

"माझ्यामुळेच झाला की," ती म्हणाली.

शिंप्याने हातातलं कापड खाली ठेवलं.

"गार्डला वरून तंबी आली होती रे. तो काही थांबणार नव्हता, शिट्टी तोंडात घातलीच होती. मीच खिडकीतून ओरडले, थांबा, माझा मामा येतोय धावत, मला निरोप द्यायला." ती हसली. "दुसरं कुणी आलंच नव्हतं ना घरचं."

शिंपी मशीनवरचा दोरा उगाच गुंडाळू लागला.

"मी गाडीच्या कुठल्या डब्यात बसलेय ते तुला दिसलं नाही, म्हणून पुडकं गार्डकडे दिलंस. जंक्शनला तो मला भेटलाच नाही. इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणते. काय होतं रे मामा त्यात?"

खरं सांगून मोकळं व्हायला एक वाक्य पुरलं असतं. पण तिचा चेहरा बघून त्याची जीभच उचलेना. मामा आपल्यासाठी धावत आला होता, एवढंच तर तिच्या पदरात होतं.

"ड्रेस," तो म्हणाला. "मुलाखतीला घालायला शिवला होता."

"कुठल्या रंगाचा?"

"निळा."

"निळा मला खुलला असता," ती म्हणाली. मग उठली, खुंटीवरची टेप काढून त्याच्या हातात दिली आणि खांदे ताठ करून समोर उभी राहिली. "तस्साच आता शिवून दे."

शिंप्याने टेप उलगडली. तिचं माप त्याने आजवर एकदाही घेतलं नव्हतं.